माझ्या पट्टीचा तंबोरा

मिरची घेताना मला जे पोतं हवं असतं, त्याच्याकडे मी सुरुवातीला बघतच नाही. शेजारच्या पोत्यात हात घालते, मूठभर मिरच्या नाकाशी नेते, तोंड वाकडं करते आणि निघता निघता हव्या त्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणते, "ही तर मागच्या सालची दिसते." व्यापारी खवळतो. खवळलेला व्यापारी फार बोलतो आणि फार बोलणारा माणूस शेवटी भाव खाली आणतो. मुलुंडला माझं मसाला कांडप होतं, तेव्हाची सगळी खरेदी मी अशीच केली. धणे, हळद, कांडपाची दुसरी मोटर, घरातलं लोखंडी कपाट. गणपतीची मूर्तीसुद्धा. मूर्तिकाराला मी म्हटलं होतं की डोळे जरा रागीट झालेत.

आमच्या ह्यांचंही त्यात एक काम ठरलेलं होतं. मी पदर खांद्यावर ओढून घेतला की त्यांनी घड्याळ बघायचं आणि म्हणायचं, "चल गं, उशीर झाला." एवढंच. ते कचेरीतले सरळ माणूस, खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात. पण हे एक वाक्य वर्षानुवर्षं म्हणून त्यांना चांगलं जमलं होतं.

या पद्धतीनं मला दगा दिला तो एकदाच. तंबोरा घेताना.

तंबोरा कशाला, हे सांगायचं तर माझ्या थोरल्या भावापासून सुरुवात करावी लागेल आणि त्याच्याबद्दल मला शांतपणे बोलता येत नाही. तरी बोलते.

आमचे बाबा कोकणातून येऊन कापडगिरणीत लागलेले. लालबागला एका खोलीत आमचं बिऱ्हाड. गळा मोठा, भजनी मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्याकडे एक जुना तंबोरा होता, कुठल्याशा नाटकवाल्याकडून घेतलेला, माझ्यापेक्षा उंच. बाबा गायला बसले की त्यांच्या मागे तो घेऊन बसायचं काम माझं. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून ते लग्न होऊन मुलुंडला आले तोपर्यंत. हात जरा थांबला की बाबा मान न वळवता म्हणत, "हात थांबवू नको गो बाय." माझा भाऊ त्या वेळी खाली मैदानात असायचा. त्यानं त्या तंबोऱ्याला कधी बोटसुद्धा लावलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी बाराव्याच्या गडबडीत होते आणि भाऊ वाटणीच्या. तंबोरा टॅक्सीच्या टपावर बांधून पार्ल्याला गेला. तिथं त्याचा नवा ब्लॉक. पहिल्या वर्षश्राद्धाला मी गेले तर हॉलच्या कोपऱ्यात तंबोरा उभा, मानेला प्लास्टिकच्या फुलांची माळ, तारा सैल, एक तुटलेली.

"दादा, हा मला दे ना," मी म्हटलं.

"तुला? तू काय करणार?"

"वाजवीन."

"कुठं, कांडपात? मिरचीची पूड बसेल गं त्याच्यावर. इथं बघ कसा शोभून दिसतो."

वहिनी म्हणाली, "पाहुणे हटकून विचारतात ना, तुमच्याकडे गातं कोण म्हणून."

"मग काय सांगता?"

"सांगतो, बाबा गायचे."

"निदान तार तरी लाव रे त्याला," मी दादाला म्हटलं.

"कशाला? वाजवतंय कोण?"

श्राद्धाचं जेवण होतं म्हणून मी पानावरून उठले नाही. पण त्या दिवशी जे डोक्यात गेलं ते अजून तिथंच आहे. लोक म्हणतात वय झालं, सोडून दे. का सोडू? माझ्याकडे तेवढंच आहे बाबांचं.

पुढं कांडप चांगलं चाललं. सुरुवातीला मी दुसऱ्याच्या डंख्यावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, मिरच्यांची देठं खुडायला जात होते. आता माझे स्वतःचे दोन डंखे होते, हाताखाली दोन बायका होत्या, दिवाळीआधी आणि उन्हाळ्यात रांग लागायची. घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले होते ते हे दिवस. आमच्या ह्यांच्या मनात तो होता. माझ्या मनात काय होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. मुलुंड पूर्वेला एक बाई गाणं शिकवायच्या, त्यांच्याकडे जाऊन नाव घातलं. वर्गात सगळ्या शाळेतल्या पोरी. त्या मला मावशी म्हणत आणि माझ्या शेजारी बसायला भांडत, कारण माझ्या साडीला गरम मसाल्याचा वास यायचा आणि त्यांना भूक लागायची.

वर्षभरानं बाईंनी एक दिवस मला थांबवून घेतलं.

"घरी कशावर गाता?"

"पेटीवर. शेजाऱ्यांची आणते."

"तेच ते. तुमचा सूर पेटीसारखा झालाय. दाबला की वाजतो, सोडला की बंद. गळा चांगला आहे तुमचा, पण असंच चाललं तर मी पुढचं काही शिकवणार नाही. शिकवून उपयोग नाही. तंबोरा घ्या."

मला राग आला. पैसे वेळेवर देणाऱ्या गिऱ्हाइकाला असं कुणी बोलतं का? पण घरी येऊन पेटीवर सा धरला आणि मग पेटी सोडून धरला, तर बाई म्हणत होत्या तसंच झालं. माझा सूर भाताच्या पेजेसारखा खाली बसला.

बाईंना ठाऊक होतं की मिरजेचे एक कारागीर आठवडाभरासाठी घाटकोपरला येऊन राहिलेत. दर वर्षी दिवाळीनंतर यायचे, गवयांच्या तंबोऱ्यांची दुरुस्ती करायचे आणि बरोबर आणलेले नवे तीन-चार विकून रविवारी परत जायचे. दुकानातला घेण्यापेक्षा त्यांच्याकडचा घ्या, असं बाईंचं म्हणणं. मग त्यांनी काय काय बघायचं ते सांगितलं. भोपळा हलका हवा, पण पातळ नको. भोपळ्याला लाकूड जिथं जोडलंय तिथं बोट फिरवायचं, बोट अडकता कामा नये. दांडी डोळ्यासमोर आडवी धरून सरळ आहे का बघायची. खुंट्या पिळून बघायच्या, पिळल्यावर जागच्या जागी राहतात की मागं येतात. तारा ज्यावरून जातात ती घोडी नीट घासलेली हवी. सगळा झणकार तिच्यात असतो, तिला जवारी म्हणतात. नक्षीवर भाळायचं नाही, नक्षीखाली चीर लपवता येते.

"आणि मुख्य म्हणजे," बाई म्हणाल्या, "बायकांचा तंबोरा घ्या. तुमची पट्टी काळी चार. पुरुषी तंबोरा मोठा असतो, खालच्या पट्टीचा. त्याच्या तारा तुमच्या पट्टीपर्यंत ताणल्या तर एक तर तुटतील, नाही तर आवाज आवळून जाईल."

हे शेवटचं मी ऐकलं आणि तिथंच सोडून दिलं. मला मोठाच हवा होता. दादाकडे होता त्याहून वीतभर मोठा.

बाई बरोबर येते म्हणत होत्या. मीच नको म्हटलं. चांगल्या माणसाला खरेदीला नेलं की पैसे जास्त जातात. एकदा त्यांच्या तोंडून 'वा' निघालं की पुढं काय बोलणार?

शनिवारी कांडप अर्धा दिवस बंद ठेवलं आणि ह्यांना घेऊन घाटकोपरला गेले. एका जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर गाण्याच्या क्लासची खोली होती, दिवसा रिकामी. ती त्यांनी वापरायला घेतली होती. खोलीभर लाखेचा वास, सतरंजीवर लाकडाचा भुसा. कारागीर साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, डोळ्यावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. भिंतीला टेकून चार तंबोरे गवसण्या घालून उभे होते, म्हाताऱ्या बायका लग्नात उभ्या असतात तसे.

"या ताई. तंबोरा बघायचाय?"

"बघू. बरा असेल एखादा तर."

"बरा नाही की ओ आमच्याकडं. चांगलेच हाईत सगळे." बोलता बोलता त्यांना शिंक आली. मग दुसरी. "मसाल्याचा धंदा काय ताई तुमचा?"

"का? मसालेवाल्यांना तंबोरा देत नाही?"

"देतो की. शिंका आल्या म्हणून विचारलं." त्यांनी चष्मा पुसला. "कुणासाठी घेताय?"

"माझ्यासाठी."

"पट्टी कुठली?"

"पट्टीचं मी बघते. तुम्ही भाव सांगा."

"पट्टी कळल्याबिगर भाव कसला सांगू? गाऊन दाखवा की एक ओळ."

"वांगी घ्यायला गेल्यावर मी भाजीवाल्याला भरीत करून दाखवत नाही, चाचा."

हे आमचे वर पंख्याकडे बघायला लागले. चाचा मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी चारही गवसण्या उतरवल्या आणि हात मागं घेऊन बसले. बघा म्हणाले.

बघण्यात मला कुणी हरवणार नाही. भोपळ्यावर टिचकी मारली. वाळलेल्या खोबऱ्याच्या वाटीवर मारते तशीच. कच्च्या भोपळ्याचा आवाज ओला येतो, पोकळ असून भरल्यासारखा. एक तसा निघाला, तो बाजूला केला. तेव्हा चाचांची भुवई वर गेली, ते मी बघून ठेवलं. जोडावरून बोट फिरवलं. खालच्या सपाट लाकडाला, ज्याला तबली म्हणतात, नाक लावलं. किडलेल्या लाकडाला धण्याच्या जुन्या पोत्यासारखा वास येतो. खुंट्या पिळल्या. दांडी उचलून एक डोळा मिटून नजर टाकली.

आणि हे सगळं करत असताना ज्याच्याकडे बघत नव्हते तो मला पहिल्या क्षणीच आवडला होता. मोठा, काळसर लाखी रंगाचा, भोपळ्याला कवळ घालायची तर हात पुरायचे नाहीत, मानेवर पांढऱ्या वेलबुट्टीची नक्षी. सगळ्यात शेवटी, उपकार केल्यासारखा, मी तो जवळ ओढला आणि तारांवरून बोट फिरवलं.

खरजाची तार वाजली आणि मी लालबागच्या खोलीत होते. समोर बाबांची पाठ. घामानं सदरा चिकटलेला, कानामागं पेन्सिल. तोच आवाज, जमिनीतून येऊन पोटात शिरणारा. मी चारदा, पाचदा तारा छेडल्या. चेहरा अगदी दगडासारखा ठेवला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अवघड चेहरा.

मग जे नेहमी करते ते केलं.

"आवाज बसकाय याचा," मी म्हटलं. "नक्षीवर जीव टाकलात आणि घोडी घासायची राहिली."

आता व्यापारी खवळायला हवा. चाचा खवळले नाहीत. त्यांनी तंबोरा माझ्या हातातून घेतला, कान भोपळ्याशी नेला, एकेक तार सुटी वाजवली. पुन्हा वाजवली. डोळे मिटून बसले.

"हं," ते म्हणाले. "जोडीतली दुसरी तार. बसतोय खरा."

आणि त्यांनी सरळ खुंट्या सैल केल्या. तारा लोळागोळा झाल्या. घोडी काढून हातात घेतली.

"अहो, काय करताय?"

"घासतो की. तुम्ही म्हणता ते बरोबर हाय. माझ्या कानातनं निसटलं बघा. बसा, अर्धा तास लागंल."

मी बाबांचा आवाज विकत घ्यायला आले होते आणि हा माणूस माझ्यासमोर त्याच्यावर कानस चालवत होता! घासल्यावर तोच आवाज राहील कशावरून? राहू द्या, मला असाच आवडलाय, एवढं म्हटलं असतं तर थांबले असते. पण ते म्हणायचं म्हणजे भाव गेला. घाबरून मी पदर ओढून घेतला.

ह्यांनी घड्याळ बघितलं. "चल गं, उशीर झाला."

"कसला उशीर? बसा गप."

ते बसले. कान लाल.

कानस घोडीवर खर्र, खर्र चालली होती. ते ऐकवेना. काही तरी चाळा हवा म्हणून मी भिंतीजवळचा सगळ्यात लहान तंबोरा पुढ्यात घेतला. घ्यायचा नव्हताच तो मला. त्याच्यावर नक्षी नव्हती, मानेपाशी फक्त एक काळी रेघ. भोपळा एका अंगानं जरा चपटा, शेतात जमिनीला टेकून वाढला असेल तसा. घ्यायचा नाही म्हटल्यावर तोंड वाकडं करायची गरज नव्हती, नावं ठेवायची गरज नव्हती, टिचकीही मारली नाही. मांडीवर घेतला. चपटी बाजू मांडीवर बरोबर बसली. तारा लावलेल्याच होत्या, मी छेडत राहिले.

मला काही आठवलं नाही. लालबाग नाही, बाबा नाहीत, पार्ल्याचा हॉल नाही. नुसता आवाज होता, बारीक, स्वच्छ, उकळी फुटण्याआधी पाणी जसं कुजबुजतं तसा. कधी तोंड उघडलं ते कळलंही नाही. सा लावला. तो शोधायला जावं लागलं नाही. तिथं होताच, मी फक्त जाऊन बसले. मग त्या आठवड्यात बाईंनी शिकवलेलं सावकाश म्हणत गेले. वर चढताना एरवी माझ्या मानेच्या शिरा ताठ होतात, त्या झाल्या नाहीत. खाली आले, पुन्हा सा. सा हलला नाही. किती वेळ गायले कोण जाणे.

मग लक्षात आलं की कानस थांबलीय.

डोळे उघडले तर चाचा घोडी हातात धरून माझ्याकडे बघत होते. आमचे हेही माझ्याकडेच बघत होते, घड्याळाकडे नाही, पंख्याकडे नाही. मी पकडले गेले. इतक्या वर्षांच्या धंद्यात एकाही दुकानदाराला माझ्या तोंडावरून कळलं नव्हतं की मला काय हवंय, आणि इथं मी गाऊन सांगितलं होतं.

"हाच तुमचा," चाचा म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की आता. काळी चार."

"नुसता हात चालवत होते. मला तो मोठा हवाय."

त्यांनी वाद घातला नाही. घोडी बसवली, तारा चढवल्या, सूर लावला आणि मोठा तंबोरा छेडला. काय सांगू! आवाज गेला नव्हता. उलट कुणी खोलीची खिडकी उघडावी तसा मोकळा झाला होता. मी खोटं नाव ठेवलं आणि ते खरं निघालं!

"बघा, तुमच्यामुळं सुधारला," चाचा म्हणाले. "आता ह्याचा भाव चढला ताई."

"म्हणजे? माझ्यामुळं सुधारला आणि माझ्याकडूनच जास्त घेणार?"

"तुमच्याकडनं काईच घेणार नाही. हा तुम्हाला देतच नाही मी."

"का? माझे पैसे खोटे आहेत?"

"ह्याच्यावर गाऊन दाखवा. मग न्या."

आता माघार नव्हती. मी मोठा मांडीवर घेतला, छेडला, सा लावायला गेले. तो इतका खाली होता की आवाज पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखा आला. पुन्हा प्रयत्न केला. खोकला आला.

"तारा ताणा माझ्या पट्टीत," मी म्हटलं.

"तुटतील."

"तुटू देत, तारांचे पैसे माझ्याकडून घ्या."

"तारा तुमच्या, तंबोरा माझा हाय," चाचांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्या हातचा तंबोरा मी कुणाला आवळू देत नसतो. मग ती बाई असू दे नाय तर मोठा गवई."

मग आम्ही दोघं भांडलो. चांगलं भांडलो. मी म्हटलं, मिरजेची माणसं हट्टी. ते म्हणाले, मुंबईच्या बायका माल बघत नाहीत, मोजतात. मी म्हटलं, मोजून घेतलं नसतं तर आज दुसऱ्याच्या मिरच्या खुडत असते. हे मध्येच म्हणाले, "पाणी मिळेल का प्यायला?" चाचांनी उठून माठातलं पाणी आम्हा दोघांना दिलं आणि स्वतःही प्यायले.

पेला खाली ठेवून मी मोठा पुन्हा छेडला, गाण्यासाठी नाही, नुसताच. पुन्हा बाबांची पाठ. आणि तेव्हा मला समजलं की ह्याच्यासमोर माझं तोंड का उघडत नाही. खालच्या पट्टीचं कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. त्या आवाजात गायचं काम बाबांचं होतं. माझं काम मागं बसून हात चालू ठेवायचं. हा घरी नेला असता तर मी रोज संध्याकाळी त्याच्यामागं बसले असते, आणि पुढं कुणी नसतं. पार्ल्याला कळवलं असतं मात्र, की माझा तुझ्यापेक्षा वीतभर मोठा आहे. ते सुख मोठं होतं, खोटं कशाला बोलू. ते तिथंच सोडताना फार जड गेलं.

मी हळूच मोठा भिंतीला टेकवला आणि लहान्यावर हात ठेवला.

"ह्याचा भाव?"

चाचांनी सांगितला. जास्त होता. मी सवयीनं म्हटलं, "भोपळा वाकडाय."

"वाकडा हाय. मांडीवर बसला का नाही?"

"बसला."

"मग?"

"रंग फिका."

"फिका हाय. गाताना दिसला का?"

मी पदराला हात घालणार होते, त्याआधीच हे म्हणाले, "राहू दे गं. उशीर झाला तरी चालेल." मी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणी पाणी मागितलं असतं. पण ते ज्या तऱ्हेनं म्हणाले ते मी अजून विसरले नाही. टीव्हीचा विषय पुढं दोन दिवाळ्या त्यांनी काढला नाही.

भाव एक पैसाही खाली आला नाही. म्हणून काय मी तशीच उठले? नवी गवसणी घेतली, आतून मऊ अस्तर लावलेली. तारांचा एक जादा संच घेतला. खालच्या बाजूला बारीक सूर लावायचे मणी होते, त्यांतला एक तडकलेला, तो बदलून घेतला. दर वर्षी ते घाटकोपरला आले की जवारी फुकट करून द्यायची, हे ह्यांच्यासमोर कबूल करून घेतलं. आणि मोठ्याची घोडी मी सुधारली त्याची मजुरी काय, असंही विचारलं. त्यावर चाचा पहिल्यांदा हसले.

"मग मलाबी द्या की कायतरी," ते म्हणाले. "घरच्यांनी मुंबईचा मसाला मागितलाय. मालवणी. किलोभर. कमीत लावा."

"आमच्या मसाल्याचा भाव ठरलेला आहे," मी म्हटलं. "त्यात कमी होत नाही."

दुसऱ्या दिवशी हे मसाल्याची पुडी देऊन आले आणि पैसे घेऊन आले. पूर्ण.

शनिवारी घाटकोपरहून मुलुंडपर्यंत आम्ही रिक्षानं आलो. दांडी एका बाजूनं बाहेर, मी भोपळा मांडीवर धरलेला, हे सगळ्या रस्ताभर हात बाहेर काढून गाड्यांना थांबवत होते. रिक्षावाला भांडुपच्या आधीच वैतागला. म्हणाला, "बाई, ये क्या दुल्हन ले जा रहे हो?" मी म्हटलं, "मीटर देख, दुल्हन मत देख."

बाईंनी बजावलं होतं की घरी आणल्यावर दोन दिवस तंबोऱ्याला राहू द्या, हवा बदलते, लाकूड नव्या जागेत बसतं, मग सूर लावा. मी दोन दिवस तो आतल्या खोलीत ठेवला आणि कांडपाकडचं दार लावून घेतलं. मागच्या शेजारणी विचारत होत्या, डंख्याचा आवाज बारीक का येतोय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शटर खाली केलं, न्हाणीत जाऊन हातातली मिरची धुतली, बोटं डोळ्याला लावून बघितली, झोंबली म्हणून परत साबणानं धुतली, आणि बसले.

आयुष्यभर मी तंबोरा छेडला होता, पण लावला कधीच नव्हता. तो बाबा लावून माझ्या हातात देत. पहिली तार जमली. जोडीच्या दोन तारा मात्र एकमेकींशी बोलेनात. एक वर, एक खाली. खुंटी पिळली की पुढं जायची, सैल केली की मागं. मी चिडले. खुंटीला म्हटलं, "अगं, किती आखडशील?" मग श्वास घेतला आणि बाईंनी दाखवलं होतं तसं, तारेखालचा सुती दोरा हलकाच पुढं सरकवला. मणी तांदळाच्या दाण्याएवढा खाली केला.

हे स्वयंपाकघरातून डोकावले. "लागला?"

"थोडा राहिलाय."

"मला तर लागल्यासारखाच वाटतोय."

"तुम्हाला मघाशीसुद्धा वाटत होता."

अजून एक केसभर. आणि दोन तारांची एक झाली. वेगळी अशी कुठली ऐकूच येईना; आणि त्या एका आवाजातून वरचे आणखी आवाज सुटायला लागले, जे मी वाजवतही नव्हते. लालबागच्या खोलीत हे आवाज असतीलच. पण तेव्हा मी बाबांचं ऐकत होते.

"आता लागला," मी म्हटलं.

"चहा टाकू?"

"नंतर. बसा इथं जरा," मी म्हटलं आणि सा लावला.